जाड बोटांवाल्यांनी तीन धरा

सर,

तुम्ही गेल्याचं ग्रुपवर कळलं. तासाभरात सगळ्यांनी लिहिलं. कुणी हात जोडले, कुणी दिवा ठेवला, कुणी तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला फोटो टाकला, त्यात फेटा तुमच्या डोळ्यांवर आलेला. मी काहीच लिहिलं नाही. सुचलं नाही असं नाही. त्या ग्रुपवर माझ्या नंबरपुढं गोकुळचं नाव आहे, आणि गोकुळनं स्वतःच्या नंबरवरून आधीच लिहून टाकलं होतं. एकाच मुलाची दोनदा श्रद्धांजली कशी दिसली असती?

म्हणून हे वेगळं लिहितोय. मी गोकुळचा मोठा भाऊ, राजेंद्र. गाव बोरी नदीच्या काठचं, पण बरीच वर्षं झाली, मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात आहे. शाळा आठवीपर्यंत. आपली भेट कधी झाली नाही. पण तुमच्या भूगोलाच्या वर्गात मी जवळजवळ दीड वर्ष रोज बसलो. गोकुळच्या नावानं.

एवढं लिहून पेन खाली ठेवला होता. चहा पिऊन आलो. आता पुन्हा धरलाय.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्यावर छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. लेख गोळा करायचं काम गोकुळकडं आहे. त्यानंच मला फोन करून सांगितलं, "दादा, तू बी लिख. तुना नावनं लिख."

मी म्हटलं, "अरे, तुझ्या हजेरीचं काय? कुणी वाचलं आणि विचारलं तर? तुझी नोकरी?"

"कसानी नोकरी," तो म्हणाला. गोकुळ आता एरंडोलकडं एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. जितके तास तितका पगार, आणि उन्हाळ्यात तास नाहीत. "काढायला आधी ठेवावं लागतं ना, दादा."

तो हसला. मला हसू आलं नाही. मला लहानपणापासून असंच होतं. आबा गेले तेव्हा घरात मीच मोठा होतो. तेव्हापासून घरात कुणाला ठेच लागायच्या आधीच माझा पाय दुखतो. चार दिवस विचार केला. मग वाटलं, तुमच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ती मी सांगितली नाही, तर ती झालीच नाही असं होईल.

सुरुवातीपासून सांगतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा गोकुळ बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. तालुक्याचं कॉलेज बंद झालं आणि वर्ग फोनवर आले. आमच्या गावात फोन लागायचा, नेट लागायचं नाही. ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं, तर कधीतरी तुमचं तोंड दिसायचं, मग ते तसंच राहायचं आणि वर गोल फिरत बसायचं. वर्ग सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी गोकुळचा फोन आला. हजेरी नावावरून धरतात, नाव वर्गात दिसलं नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं कॉलेजनं कळवलं होतं.

"दादा, तुनाकडे नेट चालस ना? तू बस मना जागावर. निस्तं चालू ठेव. ऐकू नको, तुले काय करनं शे."

कारखान्यानं आम्हाला क्वार्टरमध्येच ठेवलं होतं. थोड्या माणसांवर एक भट्टी चालू होती आणि मला दुपारी तीनची पाळी होती. सकाळ मोकळी. गोकुळनं मला फोनवर सगळं शिकवलं, कुठं दाबायचं, कुठं नंबर टाकायचा. शेवटी बजावलं, माईकच्या चित्रावर फुली असते ती तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

तो माझा पहिला दिवस होता, सर. कॉलेजातला पहिला. मी आंघोळ करून बसलो होतो. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, मला कोण बघणार होतं. टाइल्सच्या खोक्याला फोन टेकवून उभा केला. स्क्रीनवर तुम्ही आलात. धुळ्याच्या घरातली ती खोली, मागं कपाट, जरा तिरका लावलेला महाराष्ट्राचा नकाशा, हातात छडी. तुम्ही बोलायला लागलात आणि मला काही ऐकू येईना.

मला वाटलं माझाच फोन बिघडला. आवाज वाढवला, इयरफोन काढला, फोन हातावर आपटला. मग दिसलं. तुमच्या नावापाशी माईकवर फुली होती. गोकुळनं एकच खूण शिकवली होती, तीच तुमच्यावर होती.

वर्गात चाळीसेक नावं होती. मला वाटलं कुणीतरी सांगेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी बोललं नाही. आज कळतं की फोन चालू ठेवून सगळे आपापल्या कामाला गेले होते, कुणाचा भाऊ बसला होता, कुणाचा कुणीच नाही. ऐकायला त्या वर्गात मी एकटा होतो. आणि मी बोलू शकत नव्हतो. 'सर, आवाज येत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण गोकुळचा आवाज बारीक. माझा आवाज भट्टीच्या धुळीनं फाटलेला, चौतीस वर्षांच्या माणसाचा. तुम्ही गोकुळला पहिल्या वर्षी समोर बसवून शिकवलं होतं. तोंड उघडलं असतं तर त्याची हजेरी गेली असती, वर्ष गेलं असतं. मी गप्प बसलो.

तुम्ही पंचवीस मिनिटं शिकवलंत. छडीनं तापी दाखवलीत, वर सातपुडा दाखवलात. कपाळावरचा घाम पुसलात. मध्ये एकदा स्वतःशीच हसलात आणि थांबलात. काहीतरी विनोद केला असणार. वर्ग हसेल म्हणून तुम्ही थांबलात, सर. ते थांबणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

मग काकू चहा घेऊन आल्या. चष्मा वर करून त्यांनी फोनकडं पाहिलं आणि बोट दाखवलं. तुम्ही काहीतरी दाबलंत. तुमच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द होता, "कधीपासून?"

तो प्रश्न काकूंना होता. मग तुम्ही आमच्याकडं वळलात. "कुणी आहे का?" उत्तर नाही. मग घरच्या बोलीत विचारलंत, जसं शेजारच्या घराचं दार वाजवताना विचारतो तसं, "कोनी शे का रे तठे?"

थोड्या वेळानं दोन-तीन अंगठे आले. तुम्ही खुर्चीवर बसलात. काकूंना वाटलं फोन बंद झालाय. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना, उद्या पुन्हा सांगा." तुम्ही म्हणालात, "उद्याचं नाही गं. म्हणजे कुणी नव्हतंच."

मी होतो, सर.

हेच ते. हे एवढंच सांगायला मी पेन धरलाय. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं तोंड दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, चित्राला नेट जास्त लागतं, पोरांचं पॅक दुपारपर्यंत संपतं, आता फक्त आवाज. चाळीस पानांची पीडीएफ पाठवणंही तुम्ही बंद केलंत, कारण ती कुणाच्याच फोनवर उघडत नव्हती. आणि रोज वर्ग सुरू करताना विचारायचात, "कोनी शे का रे तठे?" अंगठे यायचे. मीही एक पाठवायचो, गोकुळच्या नावाचा.

पण भूगोल नकाशाशिवाय कसा शिकवायचा? हे तुम्ही कसं शोधलंत ह्याचं मला आजही नवल वाटतं. तुम्ही म्हणालात, "वही आडवी धरा. उजव्या काठापासून एक बोट आत, मधोमध टिंब द्या. हे मुलताई. इथं तापी जन्मली. आता डावा हात पानावर ठेवा. चार बोटं डावीकडं, जरा खाली, टिंब. भुसावळ. तिथून सव्वा बोट डावीकडं या, आणि नदीच्या खाली नखाएवढं, अमळनेर. भुसावळपासून पाच बोटं डावीकडं गेलात की सुरत. सुरतेच्या पुढं समुद्र, तिथं पेन्सिल आडवी करून नुसतं घासा."

मला फक्त फोन चालू ठेवायचा होता. पण खोक्यावर पुठ्ठा होता, पेन होता. मी हात ठेवला. मुलताई, भुसावळ, अमळनेर. मग तुम्ही बोरी सांगितलीत. अमळनेरपासून अर्धं बोट वर, तापीला मिळेपर्यंत रेघ. आमचं गाव त्याच अर्ध्या बोटात येतं. मी तिथं टिंब दिलं. मोरबीत बसून, टाइल्सच्या खोक्यावर, मी माझं घर काढलं. तोवर मला माहीत नव्हतं की आमच्या नदीचं पाणी कुठं जातं. नदी आहे, उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात पलीकडं जाता येत नाही, एवढंच माहीत होतं.

त्या दिवशी कारखान्याच्या दुकानातून वही घेतली.

संध्याकाळी सहाला चहाची सुट्टी असायची. तेव्हा मी गोकुळला साधा फोन लावून वाचून दाखवायचो. तो गावात वहीवर हात ठेवायचा. मला समजलेलं असायचं पण सांगता यायचं नाही, आणि तो चिडायचा.

"दादा, तू वर्गमा बसस का झोपस? नैऋत्यकडून वारा येस, का नैऋत्यकडे जास?"

"येतो. येतो असं म्हणाले सर."

"म्हणाले का तुला वाटतंय?"

मग मी फोन धरून वही चाळायचो. बाजूला भट्टीवरचा परेशभाई गुजरातीत विचारायचा, कोणाशी भांडतोस रोज? मी म्हणायचो, वाऱ्याशी.

एक गोष्ट इथं स्पष्ट लिहितो, कारण पुस्तकात छापलं जाणार आहे. हजेरी माझी होती, परीक्षा गोकुळची. पेपर मी कधीच दिला नाही, द्यायचा विचारही केला नाही. परीक्षेच्या दिवशी तो सायकलनं हायवेवरच्या हॉटेलापर्यंत जायचा. तिथं नेट यायचं, आणि मालक चहा घेतल्याशिवाय बसू द्यायचा नाही. एका पेपरला घड्याळ संपलं आणि त्याचे सात प्रश्न उघडलेच नाहीत. त्याला उत्तरं येत होती. तो तिथंच बसून राहिला. मालकानं विचारलं, "आणखी एक चहा का?"

नदीखोऱ्याचा नकाशा काढून फोटो पाठवा, असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा गोकुळच्या फोनवरून फोटो जाईना. त्यानं मला सांगितलं, तुझाच पाठव. मी पाठवला. दोन दिवसांनी तुमचा फोन आला. माझ्या फोनवर. मी कपडे धूत होतो. नाव बघितलं आणि हाताला लागलेला साबण तसाच राहिला.

"गोकुळ, नकाशा तू काढलास?"

"हो सर." आवाज बारीक करायचा प्रयत्न केला. आज आठवलं की लाज वाटते.

"हातानं?"

"हो."

"बोटं ठेवून? मी सांगितली तशी?"

"तशीच, सर."

"मग सुरत कुठंय बाबा? उकाई धरणापर्यंत नदी नीट आणलीस आणि पुढं पान संपलं. एवढं पाणी गेलं कुठं?"

"पानात मावली नाही, सर. मागच्या पानावर काढलीय. त्याचा फोटो राहिला."

तुम्ही मोठ्यानं हसलात. तसं हसताना मी तुम्हाला एकदाच ऐकलं. मग म्हणालात, "मागून आवाज कसला येतोय?"

कारखान्याचा येत होता. मी म्हणालो, "गिरणी, सर. पिठाची."

"लॉकडाऊनमध्येही दिवसभर दळण चाललंय तुमच्या गावात. चांगलंय." मग एकदम विचारलंत, "एक सांगशील, खरं? हे मी जे करतोय, बोटं मोजायला लावतोय, ह्यातलं काही पोचतं का? का भिंतीशी बोलतोय मी?"

"पोचतं, सर."

"तुला कसं माहीत? तू समोर बाकावर असतास तरी तुला कळलंच असतं. ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांचा आवाजही माझ्यापर्यंत येत नाही. म्हणून मला वाटतं सगळं बरं चाललंय. ती रुपाली, तिच्या घरी एकच फोन, तो बापाबरोबर शेतात जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा ती दिवसभराचं रेकॉर्डिंग ऐकते. दोन पोरं सुरतला कामाला लागली, ती आता परत यायची नाहीत. ह्याला वर्ग म्हणायचं?"

माझ्याकडं उत्तर होतं. मला म्हणायचं होतं, सर, ज्यांचा वर्ग गेला त्यांचं तुम्ही बघताय, ते बरोबर आहे. पण ज्याला कधी वर्गच नव्हता असाही एकजण इथं बसलाय. त्याला पहिल्यांदाच कळलं की आपलं गाव नकाशावर अर्ध्या बोटात येतं. त्याचं काय करायचं? हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "सर, रेंज जातेय," आणि फोन कापला. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या होत्या.

ते भांडण तिथंच राहिलं. मी ते मनात कितीदा तरी पुढं नेलं. कधी मी जिंकतो, पण जास्त वेळा तुम्हीच जिंकता. कारण माझ्या वाट्याला जो वर्ग आला, तो गोकुळचा होता. त्याच्याकडं रेंज नव्हती आणि माझ्याकडं होती, एवढ्यावर मला तो मिळाला. शिक्षण गावात असलेल्याला मिळायला हवं होतं, ते पाचशे-सहाशे किलोमीटर लांब, आठवी पास माणसाच्या खोलीत येऊन पडलं. हे काही बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. पण मला मिळालं नाही, असंही म्हणणार नाही.

त्या फोननंतरच्या वर्गात तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "कोनी शे का रे तठे?" अंगठे आले. मग म्हणालात, "आज पूर्णा आणि गिरणा. वही आडवी धरा. आणि हे बघा, जाड बोटांवाल्यांनी चारच्या जागी तीन धरा, पाचच्या जागी चार. पान संपतं."

मी तीन धरली. सगळं मावलं. त्यानंतर प्रत्येक नकाशाला तुम्ही ते सांगायचात, न चुकता, जाड बोटांवाल्यांनी तीन. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खान्देशातली पोरं, कापूस वेचणारी, असतील बऱ्याच जणांची बोटं जाड, असं वाटलं. माझ्या वह्या भरत गेल्या. सहा झाल्या. पत्र्याच्या पेटीत आहेत.

मग कॉलेज उघडलं आणि माझा वर्ग संपला. गोकुळ परत बाकावर बसायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सकाळी अकरा वाजले की मी फोन खोक्याला टेकवून ठेवायचो. पंधरा-वीस दिवस तरी ती सवय गेली नाही.

एकदा मी तुमच्या घरापर्यंत आलो होतो. गावी चाललो होतो, धुळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि अमळनेरची एसटी सोडून दिली. पत्ता गोकुळकडून आधीच काढून घेतला होता, पुस्तक पाठवायचंय असं खोटं सांगून. देवपुरातली तुमची गल्ली. हातात पेढ्यांचा डबा. तुम्ही ओट्यावर बसून पेपर वाचत होता. काकू आतून काहीतरी म्हणाल्या आणि तुम्ही पेपरातून डोकं न काढता "हो हो" केलंत. तोच आवाज, अगदी समोर. मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो. काय सांगणार होतो? मी गोकुळ म्हणून? का मी गोकुळ नाही म्हणून? तुम्ही एकदा वर पाहिलंत, माझ्याकडंच. मी मान खाली घालून चालायला लागलो. पेढे मायनं गल्लीत वाटले. तिला वाटलं माझा पगार वाढला.

आता गेल्या आठवड्यातलं. तुमच्या अंत्ययात्रेला गोकुळ गेला होता. तिथून परतल्यावर त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलंय. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

कॉलेज उघडल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा झाली, तेव्हा तुम्ही त्याला जवळ बोलावलं होतं. त्याचा डावा हात धरून नकाशाच्या कागदावर ठेवलात. चार बोटं. त्याच्या बोटांकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "बारीक झाली रे तुझी बोटं." तुम्ही म्हणालात, "काढ, माझ्यासमोर. तापी." त्यानं काढली. मुलताईपासून सुरतेपर्यंत, सगळ्या उपनद्या, एकही चुकली नाही. फोनवर ऐकलेल्या. तुम्ही त्याच्या वहीवर सही केलीत. मग विचारलंत, "घरी कोण कोण असतं?"

"माय. आणि मोठा भाऊ, तो मोरबीला असतो."

"काय करतो?"

"टाइल्सच्या कारखान्यात."

"शिकलाय?"

"आठवी."

तुम्ही "बरं" म्हणालात. तो दारापर्यंत गेल्यावर हाक मारलीत आणि म्हणालात, "भावाला म्हणावं, सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावी देता येते. वय आडवं येत नाही."

गोकुळनं मला ते सांगितलं होतं, पण स्वतःचं म्हणून. मला आठवतं, आम्ही त्यावरून भांडलो होतो. मी म्हणालो होतो, तू चार बुकं शिकलास म्हणून मला अक्कल शिकवू नकोस. माझ्या वयाची माणसं पोरांच्या दहावीचं बघतात. तो निरोप तुमचा आहे हे त्यानं तेव्हा सांगितलं असतं, तर मी भांडलो नसतो. पण मग तुम्हाला सगळं कळलंय हेही मला कळलं असतं, आणि मी काळजीनं आजारी पडलो असतो. तो बरोबरच वागला.

मी त्याला विचारलं, "सरांना कधीपासून माहीत होतं?"

"मले काय माहीत दादा. तू काय बोलला त्यास्नाशी?"

"काहीच नाही. पिठाची गिरणी म्हणालो."

"गावमा गिरणी बंद व्हती ना तवय," गोकुळ म्हणाला.

परवा त्यानं मला रुपालीचा लेख फोनवर वाचून दाखवला. ती आता अंगणवाडीत आहे. तिनं तुमच्या संध्याकाळच्या फोनबद्दल लिहिलंय. बाप शेतातून आला की ती दिवसाचा वर्ग ऐकायची आणि न कळलेलं तुम्हाला विचारायची. तिनं लिहिलंय, एकदा मी सरांना म्हटलं, सर, आमच्या वर्गात तर सगळे काडीपैलवान, मग जाड बोटांवाल्यांनी तीन धरा असं तुम्ही रोज कुणाला सांगता? सर म्हणाले, "आहे एक. बोलत नाही, पण रोज येतो."

गोकुळ पुढं वाचत होता. मी म्हटलं, थांब, ते परत वाच. त्यानं परत वाचलं. मग तोही थांबला.

सर, म्हणजे तुम्ही रोज ज्याला विचारत होता, कोनी शे का, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं होतं. मी दिलं नव्हतं, तरी तुम्ही ते घेतलं होतं. ह्या गोष्टीसाठी मी तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. मला माझ्या हातांची लाज वाटायची. टाइल्सच्या कडांनी चिरलेले, पेन धरला तर खेळण्यातला वाटतो. तुम्ही ते हात बघितले नाहीत, पण त्यांच्यासाठी नदीचं माप बदललंत. आणि चाळीस जणांत एकट्याकडं बोट दाखवलं नाहीत.

तरी एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, याची मला खात्री आहे. रोज येतो ते तुम्हाला कळलं होतं. पण पहिल्या दिवशीही होता, हे कुठून कळणार? त्या पंचवीस मिनिटांचा हिशोब तुम्ही मनात कसा लावला असेल, ते मला माहीत नाही. कुणी नव्हतंच, असं तुम्ही म्हणालात, आणि तेच धरून तुम्ही पुढं शिकवत राहिलात. तुमच्या त्या न ऐकू आलेल्या तासातलं मला सगळं आठवतं. छडी आधी कुठं टेकवलीत, कुठल्या नदीवर दोनदा फिरवलीत. तुम्ही हसून थांबलात ना, तेव्हा विनोद काय होता ते मला कळलं नाही, पण मी हसलो होतो. तुम्ही थांबला होता म्हणून हसलो. मोरबीच्या खोलीत, एकटा. मी शे, सर. तवय बी व्हतो.

सतरा नंबरचा फॉर्मही आता नेटवरच भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. माय तो कुठल्या डब्यात ठेवलाय ते शोधतेय. फोटो चढवताना दोनदा पान बंद पडलं, पुन्हा पहिल्यापासून नाव लिहावं लागलं. भीती वाटते. नापास झालो तर गोकुळ काय म्हणेल, कारखान्यात कळलं तर काय म्हणतील. पण नाव लिहिताना एक वाटलं, की दीड वर्ष तुमच्या वर्गात होतो आणि हे नाव तिथं एकदाही लिहिलं नाही.

म्हणून काल सुट्टीच्या दिवशी वही काढली, सातवी, नवी. आडवी धरली. वरच्या कोपऱ्यात लिहिलं, राजेंद्र सुकदेव. उजव्या काठापासून एक बोट आत, मुलताई. मग भुसावळ, अमळनेर, बोरी, आमचं गाव. पांझरा काढली, तिच्या काठी धुळं, आणि नदीच्या वरच्या अंगाला तुमचं देवपूर, एक बारीक टिंब. मोरबी ह्या पानात येत नाही, ती आणखी तीन बोटं डावीकडं आणि तीन बोटं वर पडते, ते मी मोजून ठेवलंय. पान गोकुळकडं पाठवतोय, ह्या लेखाबरोबर छापायला.

तीन बोटं धरली होती, सर. सुरत पानात आली.